लॉग फिरवला की सर्व्हिस रीस्टार्ट करावीच लागते?

लॉगरोटेट या साधनाने लॉगची, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदींची, जुनी फाइल बाजूला करून नवी सुरू केली (यालाच लॉग फिरवणं म्हणतात) की सर्व्हिस, म्हणजे तो लॉग लिहिणारा प्रोग्राम, रीस्टार्ट केलीच पाहिजे, हा समज सर्व्हर सांभाळणाऱ्यांत वर्षानुवर्षं टिकून आहे. तो अर्धाच खरा.

लिनक्समध्ये चालू प्रोग्राम फाइलचं नाव धरून बसत नाही, उघडलेली फाइलच धरून ठेवतो. त्यामुळे लॉगचं नाव बदललं तरी एनजिनएक्ससारखा वेब सर्व्हर जुन्याच फाइलीत लिहीत राहतो. ती फाइल पुसली तरी प्रोग्रामने ती सोडेपर्यंत डिस्कवरची जागा मोकळी होत नाही. मग डीयू (फाइलींचा आकार मोजणारी कमांड) आणि डीएफ (डिस्कवरची वापरलेली आणि मोकळी जागा दाखवणारी कमांड) यांचे आकडे जुळेनात म्हणून डोकं खाजवणं सुरू! खरं तर प्रोग्रामला 'फाइल पुन्हा उघड' इतकंच सांगायचं असतं. एनजिनएक्सला त्यासाठी यूएसआर१ सिग्नल (चालू प्रोग्रामला पाठवायची छोटी सूचना) पुरतो, तर सिस्टिमचे लॉग लिहिणाऱ्या आरसिसलॉगला एचयूपी सिग्नल. अपाचे या दुसऱ्या वेब सर्व्हरमध्ये मात्र हाच यूएसआर१ म्हणजे सौम्य रीस्टार्ट, तेव्हा एकाची पोस्टरोटेटची (लॉग फिरवल्यावर चालवायच्या कमांडची) ओळ दुसऱ्याला डोळे झाकून डकवू नये.

लॉगरोटेटचा कॉपीट्रंकेट हा पर्याय (लॉगची नक्कल करून मूळ फाइल जागच्या जागी रिकामी करणारा) वापरला तर सिग्नलही लागत नाही. पण नक्कल झाल्यावर मूळ फाइल रिकामी होईपर्यंतच्या क्षणात आलेल्या नोंदी हरवू शकतात. पैशांच्या व्यवहारांच्या लॉगसाठी मी तरी तो वापरणार नाही.

ज्या प्रोग्रामला फाइल पुन्हा उघडताच येत नाही आणि कॉपीट्रंकेटही वापरायचा नाही, त्याला मात्र रीस्टार्ट करावंच लागतं.