सिंगल पार्टिकल की टोमोग्राफी: चित्र नेमके कोणाचे?

नागपुरातल्या महाविद्यालयांमध्ये सूक्ष्मजीवशास्त्राचे किंवा जैवरसायनाचे चर्चासत्र असले की निदान एका भित्तिपत्रकावर जिवाणूच्या कशाभिकेच्या (पोहण्यासाठी वापरायच्या शेपटीसारख्या तंतूच्या) मोटरचे गुळगुळीत, रंगीत चित्र हमखास असते आणि त्याखाली ‘क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून घेतलेले छायाचित्र’ एवढीच ओळ असते. ते चित्र सिंगल पार्टिकल पद्धतीने मिळाले आहे की टोमोग्राफीने, असे विचारल्यावर बहुधा उत्तर येते की दोन्ही एकच आहेत, फक्त एकीने लहान वस्तू पाहतात आणि दुसरीने मोठ्या. हे उत्तर चुकीचे आहे, आणि ते इतक्या ठिकाणी इतक्या आत्मविश्वासाने दिले जाते की एकदा त्यावर सविस्तर लिहिणे भाग आहे.

क्रायो-इएमची, म्हणजे गोठवलेल्या नमुन्याच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाची, ढोबळ ओळख वाचकाला आहे असे मी धरून चालतो. झाक दुबोशे, योआखिम फ्रांक आणि रिचर्ड हेंडरसन यांना २०१७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हापासून ती कृती अनेकांना तोंडपाठ आहे: द्रव नायट्रोजनने थंड केलेल्या इथेनमध्ये नमुना क्षणार्धात बुडवायचा, म्हणजे पाण्याला स्फटिक होण्याची सवड न मिळता ते काचेसारखे गोठते, आणि मग तो नमुना तशाच थंडीत ठेवून त्यातून इलेक्ट्रॉनांचा झोत सोडायचा. इथपर्यंत दोन्ही पद्धतींत काहीच फरक नाही. सूक्ष्मदर्शक तोच असतो, बहुधा ३०० किलोव्होल्टचा, आणि २०१३ च्या सुमारास ज्यांनी या क्षेत्राचा कायापालट केला ते इलेक्ट्रॉन थेट टिपणारे डिटेक्टरही तेच असतात. संगणकप्रणाली वेगवेगळ्या असतात, एकीकडे रेलिऑन किंवा क्रायोस्पार्क आणि दुसरीकडे आयमॉड किंवा वॉर्प, पण तो फरक कामाच्या सोयीचा आहे. सिंगल पार्टिकल पद्धतीत नमुना सहसा आडवा ठेवतात आणि टोमोग्राफीत तो झुकवत नेतात, हेही सगळ्यांना सांगता येते. तो का झुकवावा लागतो आणि त्यामुळे हाती आलेल्या चित्राचा अर्थ कसा बदलतो, हे विचारले की घोटाळा सुरू होतो.

मूळ अडचण अशी की ज्या इलेक्ट्रॉनांमुळे प्रथिन दिसते, तेच इलेक्ट्रॉन त्याचे रासायनिक बंध तोडत जातात. दर चौरस अँगस्ट्रॉमला (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) साधारण ४० ते ५० इलेक्ट्रॉन एवढीच मात्रा सिंगल पार्टिकलच्या कामात सहसा वापरतात, आणि त्यातही सर्वांत बारीक तपशील पहिल्या काही इलेक्ट्रॉनांतच विरून जातो. इतक्या कमी इलेक्ट्रॉनांत एका रेणूची मिळणारी प्रतिमा अत्यंत धूसर असते, आणि त्याच रेणूची पुन्हा पुन्हा प्रतिमा घेऊन ती सुधारताही येत नाही, कारण दुसऱ्या खेपेला तो रेणू पहिल्या अवस्थेत उरलेलाच नसतो. ही तुटपुंजी मात्रा कशी खर्च करायची, याच प्रश्नावर दोन पद्धतींचे रस्ते वेगळे होतात.

सिंगल पार्टिकल पद्धतीत सगळी मात्रा एकाच दिशेने खर्च होते. शुद्ध केलेल्या प्रथिनाचे असंख्य रेणू बर्फाच्या पातळ थरात वाटेल त्या दिशेला तोंड करून पडलेले असतात आणि प्रत्येकाचा एकच प्रक्षेप, म्हणजे एकच सावली, आपल्याला मिळते. तान्ह्या पोळ्यासाठी एकाच कारागिराने एकाच मापात घडवलेले हजारो लाकडी नंदी मैदानात अस्ताव्यस्त पडले आहेत आणि अंधुक उजेडात प्रत्येकाची एकेकच सावली टिपता आली आहे, असे समजावे. कोणती सावली शिंगांच्या बाजूने पडली आणि कोणती पाठीच्या, हे संगणकाने जुळवत नेले की नंदीचा त्रिमितीय आकार उभा राहतो. तो आकार मात्र मैदानातल्या कोणत्याही एका नंदीचा नसतो. सगळे नंदी सारखे आहेत हे आपण आधी गृहीत धरले, म्हणूनच तो मिळाला. त्यांपैकी काहींचे शिंग मोडलेले असेल आणि ते वर्गीकरण करून बाजूला काढले गेले नसतील, तर अंतिम आकारात शिंग थोडे फिकट दिसेल. मोडके शिंग म्हणून ते कुठेही दिसणार नाही. शोधनिबंधातल्या नकाशात, म्हणजे असा काढलेल्या त्रिमितीय आकारात, प्रथिनाचा एखादा लवचीक भाग धुक्यासारखा पुसट असतो किंवा अजिबातच नसतो, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. तो भाग प्रत्येक रेणूत होता, पण प्रत्येकात वेगळ्या जागी होता, आणि सरासरीत अशा भागाला जागा उरत नाही.

टोमोग्राफीत वस्तू एकच असते. सामान्यतः नमुना उणे ६० पासून अधिक ६० अंशांपर्यंत दर ३ अंशांनी झुकवून एकाच जागेचे ४१ प्रक्षेप घेतले जातात, आणि एकूण मात्रा दर चौरस अँगस्ट्रॉमला १२० इलेक्ट्रॉन धरली तर एकेका प्रक्षेपाच्या वाट्याला जेमतेम ३ इलेक्ट्रॉन येतात. धंतोली-रामदासपेठेत जाऊन सीटी स्कॅन करून आलेल्या कोणालाही हे तत्त्व समजायला हरकत नाही, कारण दोन्हींमागचे गणित एकाच कुळातले आहे. पण हे साम्य फार ताणले की माणूस फसतो. सीटी यंत्र रुग्णाभोवती पूर्ण फिरते. इथे मात्र बर्फाची चपटी चकती झुकवावी लागते, ६० अंशांवर इलेक्ट्रॉनांना दुप्पट जाडी ओलांडावी लागते, आणि त्यापुढे बहुतेक नमुने उपयोगाचे राहत नाहीत. त्यामुळे १८० पैकी ६० अंशांची माहिती मिळतच नाही. ‘मिसिंग वेज’ म्हणतात ती ही हरवलेली पाचर. तिचा परिणाम असा की झोताच्या दिशेने सगळे काही लांबट दिसते आणि झोताला आडव्या असलेल्या पटलांचा मागमूसही राहत नाही: पेशीच्या कडांवरची पटले ठळक दिसतात, पण माथ्याची आणि तळाची पटले गायब असतात. असा टोमोग्राम, म्हणजे टोमोग्राफीने उभे केलेले त्रिमितीय चित्र, पाहून ‘पेशी वरून फुटली आहे’ असा निष्कर्ष काढलेला मी एकाहून अधिक वेळा ऐकला आहे. पेशी धडधाकट असते. त्या दिशेची माहितीच गोळा झालेली नसते.

असे दोष असूनही टोमोग्राममधला जिवाणू हा त्या ग्रिडवर, म्हणजे नमुना धरणाऱ्या बारीक जाळीवर, त्या क्षणी गोठलेला, एकमेव जिवाणू असतो. त्याच्या आतला एखादा रायबोसोम (प्रथिने बनवणारे यंत्र) पटलाजवळ दिसला तर तो खरोखरच तिथे होता. शेजारच्या पेशीत तसे असेलच असे नाही, आणि तीच पेशी पुन्हा तपासण्याची सोयही नाही. म्हणून लहान आणि मोठ्या वस्तूंचा भेद इथे गौण आहे. एक पद्धत अनेक प्रतींवरून एक प्रातिनिधिक आकार काढते आणि दुसरी एकाच वस्तूचा, तिच्या जागेसकट, एकदाच साक्षीपुरावा देते. पहिलीत स्थान हरवते, दुसरीत तपशील.

भित्तिपत्रकांवरच्या त्या कशाभिकेच्या मोटरवर हा फरक नीट तपासता येतो. साल्मोनेलाच्या पेशींतून शुद्ध करून काढलेल्या मोटरची सिंगल पार्टिकल रचना २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तिच्यात कड्यांची घडण विलक्षण बारकाईने दिसते. पण मोटरला फिरवणारे स्टेटर त्यात नाहीत, कारण शुद्धीकरणात ते निसटून जातात. स्टेटर स्वतः कसा असतो, तर मॉटए या प्रथिनाच्या पाच आणि मॉटबी या प्रथिनाच्या दोन प्रतींचा, हेही २०२० मध्ये सिंगल पार्टिकल पद्धतीनेच कळले. मग जिवंत पेशीत मोटरभोवती असे स्टेटर किती असतात? कॅम्पिलोबॅक्टर जेजुनीमध्ये १७ आणि व्हिब्रिओ फिशेरीमध्ये १३, ही उत्तरे पेशी तशीच गोठवून केलेल्या टोमोग्राफीतून आली, आणि शुद्ध केलेल्या मोटरवर कितीही मेहनत घेतली असती तरी ती मिळाली नसती.

आता सर्वांत जास्त गोंधळ जिथे होतो तिथे येऊ. १७ किंवा १३ हा आकडा कोणा एका जिवाणूच्या एका टोमोग्रामवर बोट ठेवून मोजलेला नाही. एका पेशीतली एक मोटर टोमोग्राममध्ये करड्या ठिपक्यांच्या गर्दीत अंदाजानेच दिसते. म्हणून अनेक पेशींच्या टोमोग्राममधून मोटरपुरते छोटे त्रिमितीय तुकडे कापतात, ते एकमेकांवर नेमके बसवतात आणि त्यांची सरासरी काढतात; याला सब-टोमोग्राम सरासरी म्हणतात. वाळवीच्या आतड्यात राहणाऱ्या ट्रेपोनेमा प्रिमिटिया या जिवाणूच्या मोटरची अशी रचना २००६ मध्येच प्रसिद्ध झाली होती. पेशी ग्रिडवर वेगवेगळ्या दिशांना पडलेल्या असल्याने एका तुकड्यातली हरवलेली पाचर दुसऱ्या तुकड्याने काही अंशी भरून निघते, हा या सरासरीचा मोठा लाभ. पण सरासरी काढताक्षणी ‘हीच ती वस्तू’ हा टोमोग्राफीचा दावा सोडावा लागतो आणि सिंगल पार्टिकल पद्धतीचे गृहीतक, म्हणजे सगळ्या प्रती सारख्या आहेत, निमूटपणे आत येते. त्यावर सममिती लादली असेल, म्हणजे मोटरभोवतीचे सगळे भाग एकसारखे मानले असतील, तर गृहीतक आणखी घट्ट होते, कारण एखाद्या मोटरीत एक स्टेटर नसलाच तर त्याची रिकामी जागा उरलेले भरून टाकतात. तेव्हा भित्तिपत्रकावरची मोटर जितकी गुळगुळीत, तितकी ती एका जिवाणूची असण्याची शक्यता कमी. तिला ‘छायाचित्र’ म्हणणे मला अजिबात मान्य नाही, आणि तिचे रंग माणसाने निवडलेले असतात हे चित्राखाली न लिहिणेही.

रिझोल्यूशनच्या, म्हणजे किती बारीक तपशील सुटा दिसतो याच्या, आकड्याचेही असेच हाल होतात. २०२० मध्ये अपोफेरिटिन या प्रथिनाची रचना सुमारे १.२ अँगस्ट्रॉमपर्यंत गेली आणि सुटे अणू दिसू लागले. त्यानंतर ‘टोमोग्राफी अजून मागेच आहे’ हे वाक्य सर्रास ऐकू येऊ लागले. अपोफेरिटिन म्हणजे २४ एकसारख्या उपघटकांचा ताठ, पोकळ गोळा, त्यामुळे त्याचा प्रत्येक कण सरासरीत २४ प्रती घेऊन येतो. क्रायो-इएमसाठी याहून सोयीचा नमुना सापडणे कठीण. शिवाय हा आकडा काढताना कणांचे दोन निम्मे गट करून त्यांचे स्वतंत्र नकाशे एकमेकांशी कितपत जुळतात ते पाहतात, म्हणजे तो सरासरीच्या विश्वासार्हतेचा आकडा असतो. ज्यात सरासरीच नाही अशा एकट्या टोमोग्रामला तोच आकडा मागणे निरर्थक आहे. आणि सरासरी काढली तर टोमोग्राफीही मागे राहत नाही: मायकोप्लाझ्मा न्यूमोनी या भित्तिकाहीन, पातळ जिवाणूच्या पेशीतच असलेल्या, क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक चिकटलेल्या रायबोसोमची रचना २०२१ मध्ये ३.५ अँगस्ट्रॉमपर्यंत पोहोचली.

मायकोप्लाझ्माचीच निवड का, हेही जाता जाता सांगायला हवे. इ. कोलायची पेशी साधारण एक मायक्रोमीटर जाड असते आणि एवढी जाडी इलेक्ट्रॉनांना नीट ओलांडता येत नाही. म्हणून आयनांच्या झोताने तिच्या दोन्ही बाजू तासून १०० ते २०० नॅनोमीटरची पातळ चकती उरवतात. अशा कामाला ‘संपूर्ण पेशीचा टोमोग्राम’ म्हणणारे पुष्कळ आहेत. तो पेशीच्या एका कापाचा टोमोग्राम असतो, आणि त्यावरून संपूर्ण पेशीतल्या रायबोसोमांची संख्या सांगायची तर उरलेल्या भागाबद्दल अंदाजच करावा लागतो.

दोहोंपैकी चांगली पद्धत कोणती, हा प्रश्न मला आवडत नाही, पण उत्तर द्यायचेच झाले तर ते प्रश्नावर अवलंबून आहे. औषधाचा रेणू प्रथिनाच्या कोणत्या खाचेत बसतो हे पाहायचे असेल आणि प्रथिन शुद्ध करता येत असेल, तर टोमोग्राफीच्या वाटेला जाऊ नये. तो वेळेचा अपव्यय आहे. शुद्धीकरणात जे निसटते, वाकते किंवा जागा सोडते, ते पाहायचे असेल तर दुसरा इलाज नाही. करोना विषाणूच्या काटेरी प्रथिनाची २०२० च्या सुरुवातीला जगभर फिरलेली रचना सिंगल पार्टिकल पद्धतीची होती, आणि ती विषाणूबाहेर, प्रोलिन या अमिनो आम्लाचे दोन बदल करून स्थिर केलेल्या प्रथिनाची होती; तोच काटा विषाणूवर आपल्या देठाशी किती मोकळेपणाने झुकतो, हे त्याच वर्षी अखंड विषाणूंच्या टोमोग्राफीने दाखवले.

असे सूक्ष्मदर्शक वापरायचे तर नागपूरच्या विद्यार्थ्याला बेंगळुरूसारख्या ठिकाणच्या राष्ट्रीय सुविधेकडे पाहावे लागते, पण मिळालेले नकाशे वाचायला कुठेही जावे लागत नाही. ईएमडीबी हा सार्वजनिक संग्रह कोणालाही खुला आहे, आणि ते नकाशे पाहण्यासाठी लागणारी चिमेराएक्स ही प्रणाली शैक्षणिक वापराला मोफत आहे. संग्रहातल्या नोंदीत पद्धत दिलेली असते: सिंगल पार्टिकल, टोमोग्राफी किंवा सब-टोमोग्राम सरासरी. चित्र भित्तिपत्रकावर चिकटवण्याआधी ती ओळ वाचावी, आणि सरासरी असेल तर किती कण किंवा किती तुकडे घेतले आणि कोणती सममिती लादली, हे दोन तपशीलही चित्राखाली उतरवावेत. पद्धतीपुढे नुसते ‘टोमोग्राफी’ असेल तर कणांची संख्या शोधत बसू नये. तिथे ती नसतेच.