सुशीच्या दुकानात सहकुटुंब: सरकत्या पट्ट्यामागची गोष्ट

जपानमध्ये सुट्टीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून बाहेर जेवायला जायचे ठरले की बऱ्याच घरांत पहिले नाव निघते ते काइतेन-झुशीचे, म्हणजे सरकत्या पट्ट्यावरून सुशीच्या बशा फिरतात त्या दुकानाचे. आजी-आजोबा, आईवडील, मुले एका टेबलाशी बसतात, ज्याला जे हवे ते तो उचलतो आणि शेवटी रिकाम्या बशा मोजून बिल होते. हे आता इतके अंगवळणी पडले आहे की सुशी पहिल्यापासून अशीच खात असतील असे वाटावे. प्रत्यक्षात सुशीचा इतिहास हजार वर्षांहून जुना असला, तरी सुशीच्या दुकानात घरच्या सगळ्यांना जागा मिळाली ती अलीकडे. तिची सुरुवात करून देणारा माणूस ओसाकाजवळच्या कारखान्यांच्या वस्तीतला एक साधा दुकानदार होता.

सुशीचे सर्वांत जुने रूप म्हणजे मासा टिकवण्याची युक्ती. खारवलेला मासा शिजवलेल्या भातात दाबून महिनोन् महिने ठेवायचा. भात आंबला की त्या आंबटपणामुळे मासा टिकतो. खाताना मासा घ्यायचा, भात बहुधा टाकून द्यायचा. बिवा सरोवराच्या काठी, शिगा प्रांतात, ‘फुनाझुशी’ या नावाने हा प्रकार आजही होतो आणि त्याचा उग्र वास न सोसणारे जपानी लोकही पुष्कळ आहेत. आठव्या शतकाच्या सुरुवातीच्या कायदेसंहितेत, कर म्हणून भरायच्या जिनसांमध्ये अशा सुशीचा उल्लेख सापडतो. पुढे आंबवण्याचा काळ घटत गेला, भातही खाल्ला जाऊ लागला आणि शेवटी आंबवण्याच्या जागी भातात थेट व्हिनेगर आले.

आज आपण जिला सुशी म्हणतो ती एदोची, म्हणजे जुन्या टोकियोची. 1820 च्या दशकात र्‍योगोकू भागातल्या हानाया योहेई याने मुठीत दाबलेल्या भातावर माशाचा तुकडा ठेवून ती लोकप्रिय केली असे मानतात. एकट्यानेच शोध लावला असे म्हणणे धाडसाचे होईल, पण त्याचे नाव टिकले. याच सुमारास आजच्या आइची प्रांतातल्या हांदा गावचा नाकानो माताझाएमोन साकेच्या, म्हणजे तांदळाच्या मद्याच्या चोथ्यापासून तांबूस, स्वस्त व्हिनेगर बनवून जहाजाने एदोला पाठवत होता. या व्हिनेगरशिवाय एदोची सुशी एवढी फोफावली नसती. तेव्हाचा एक घास आजच्या दुपटीहून मोठा असे. बर्फ नव्हता, म्हणून मासा व्हिनेगरात मुरवलेला, सोया सॉसमध्ये भिजवलेला किंवा उकडलेला असे. रस्त्यावरच्या गाडीशी उभ्याउभ्या दोनचार घास पोटात टाकायचे आणि चालू लागायचे. आपल्याकडे वडापावच्या गाडीचे जे स्थान, तेच तिथे सुशीच्या गाडीचे होते म्हणा ना. एदोत कामासाठी आलेल्या पुरुषांची संख्या मोठी होती आणि सुशीवाल्यांचे गिऱ्हाईक मुख्यतः तेच.

1923 च्या कांतो भूकंपात टोकियो बेचिराख झाले, तेव्हा कितीतरी सुशी कारागीर आपापल्या गावी परतले आणि एदोची पद्धत देशभर गेली. त्याहून विलक्षण कलाटणी मिळाली ती महायुद्धानंतर. अन्नटंचाईमुळे 1947 मध्ये सरकारने उपाहारगृहांवर बंदी घातली. टोकियोच्या सुशीवाल्यांनी मग एक वाट काढली: आम्ही अन्न विकत नाही, गिऱ्हाईक आपले तांदूळ आणते, आम्ही फक्त ते घडवून देतो. एक ‘गो’, म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम तांदूळ आणून द्यायचा, मजुरी द्यायची आणि दहा घास सुशी घ्यायची. ही सवलत मंजूर झाली. इतर प्रांतांनीही तोच कित्ता गिरवला, त्यामुळे ओसाकाच्या दाबून केलेल्या सुशीसारखे स्थानिक प्रकार मागे पडले आणि आजच्या घासाचा लहान आकार रूढ झाला. टंचाईच्या त्या दिवसांत, धंदा बंद पडायची वेळ आलेली असताना कारागिरांनी दाखवलेल्या या चतुराईचे मला फार कौतुक वाटते.

यानंतर गाड्या गेल्या आणि पक्की दुकाने आली. त्यांचा थाट वेगळा: लाकडी कट्टा, पलीकडे कारागीर, भिंतीवर माशांची नावे आणि किमतीच्या जागी अनेकदा नुसते ‘बाजारभावाप्रमाणे’. खिशाला किती चाट बसणार हे बिल हाती येईपर्यंत कळत नसे. अशा कट्ट्यापाशी चार मुले घेऊन कोण बसणार? वडील कामाच्या निमित्ताने जात, एखाद्या रात्री दोरीने बांधलेला सुशीचा डबा घरी आणत. पाहुणे आले की दुकानातून लाखेच्या गोल तबकात सुशी मागवली जाई. 3 मार्चच्या मुलींच्या सणाला आई घरी व्हिनेगर घातलेल्या भातावर अंडे, कोळंबी, भाज्या पसरून ‘चिराशी’ करी. म्हणजे मुलांना सुशी ठाऊक होती, सुशीचे दुकान मात्र नव्हते.

ही कोंडी फोडली शिराइशी योशिआकी यांनी. त्यांचा जन्म 1913 चा, एहिमे प्रांतातला. ओसाकाच्या पूर्वेला, आजच्या हिगाशी-ओसाकातल्या फुसे भागात त्यांचे उभ्याने खायचे स्वस्त सुशीचे दुकान होते. आजूबाजूला छोटे कारखाने, गिऱ्हाईक कामगार. गर्दी होई, पण हाताखाली माणसे मिळत नसत, कारण तरुण पोरे कारखान्यांकडेच वळत होती. असाही कंपनीच्या बिअर कारखान्यात पट्ट्यावरून सरकत जाणाऱ्या बाटल्या पाहून त्यांना वाटले, बशाही अशाच सरकल्या तर?

कल्पना सोपी, काम अवघड. सरळ पट्टा वळणावर वळेना. त्यासाठी चंद्रकोरीसारख्या पट्ट्या एकीत एक सरकतील अशा साखळीवर बसवाव्या लागल्या. आजही बशांखाली बारकाईने पाहिले तर त्या कोरी वळणावर एकमेकींना न सोडता फिरताना दिसतात. वेग ठरला सेकंदाला सुमारे 8 सेंटिमीटर. जास्त वेगात सुशी वाऱ्याने सुकते आणि बशी उचलताना धांदल होते, कमी वेगात माणूस कंटाळतो. पट्टा बहुधा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो. चॉपस्टिक उजव्या हातात असतात, म्हणून डाव्या हाताने बशी उचलणे सोयीचे पडते, असे त्याचे कारण सांगतात. 1958 मध्ये फुसेत ‘मावारू गेनरोकू-झुशी’ सुरू झाले. 1970 च्या ओसाका जागतिक प्रदर्शनात लाखो लोकांनी हा प्रकार पाहिला आणि तो देशभर गाजला.

तरी सुरुवातीच्या दुकानांत लोक पट्ट्याभोवती एका रांगेत, खांद्याला खांदा लावून बसत. कुटुंबाची सोय झाली ती नंतर, आणि तिच्यामागे कुणा एकाचा हात नाही. शिराइशी यांचे यंत्रावरचे हक्क 1978 मध्ये संपले आणि दुकानांच्या नव्या साखळ्या मैदानात उतरल्या. दरम्यान 1974 मध्ये इशिकावा प्रांतातल्या इशिनो कंपनीने पट्ट्यालाच गरम पाण्याची तोटी जोडून चहाची सोय केली. असे पट्टे बनवणारा मुख्य प्रदेश आजही इशिकावाच आहे. 1981 मध्ये सुझुमो कंपनीने भाताचे घास पाडणारे यंत्र आणले आणि वर्षानुवर्षे हात घडवलेल्या कारागिरावाचूनही दुकान चालू लागले. घरोघर मोटारी आल्या, तशी शहराबाहेरच्या रस्त्यांवर पार्किंगची प्रशस्त दुकाने उघडली. त्यांत पट्ट्याला काटकोनात टेबले लागली आणि टेबलाशी अख्खे कुटुंब मावू लागले. 100 येनला एक बशी या दराने उरलेली धास्तीही घालवली. बशांची चळत समोरच असते. आईला हिशेब दिसतो, मुलाला अजून एक बशी घेता येईल का हे कळते.

मुलांनी खाण्याची यादीही बदलली. जपानमध्ये पूर्वी सॅल्मन कच्चा खात नसत, कारण पॅसिफिकमधल्या जंगली सॅल्मनमध्ये परजीवी कृमी असतात. नॉर्वेने 1980 च्या दशकाच्या मध्यापासून आपला पाळीव सॅल्मन जपानमध्ये कच्चा खाण्यासाठी खपवण्याची मोहीम चालवली. पारंपरिक सुशीवाल्यांनी नाके मुरडली, पट्ट्याच्या दुकानांनी मात्र त्याला जागा दिली. तेलकट, मऊ, वास कमी, रंग सुंदर. मुलांना तो आवडला आणि आज तो तिथल्या सर्वांत लोकप्रिय सुशींपैकी आहे. कुरा साखळीने 2000 मध्ये आणखी एक खेळ आणला: टेबलाजवळच्या फटीत पाच रिकाम्या बशा टाकल्या की पडद्यावर सोडत निघते आणि नशीब असेल तर खेळण्याची कुपी मिळते. सहावीसाठी पोटात जागा नसलेली मुले दहावीकडे डोळे लावून बसतात ती यामुळेच.

जाणकार म्हणवणारे अनेकजण या दुकानांना खालचा दर्जा देतात. मला ते पटत नाही. कट्ट्यावरची सुशी ही थोर कला आहेच, पण एदोच्या गाडीवरची सुशीही स्वस्त, झटपट आणि सर्वांसाठी होती. शिराइशींनी ती मूळ जागी परत नेली आणि त्यांच्या वाटेने पुढे आलेल्या दुकानांनी बायकामुलांना बसायला जागा दिली.

अलीकडे चित्र पुन्हा बदलते आहे. मासळी आणि इंधन महागले, येन घसरला आणि ऑक्टोबर 2022 मध्ये काही मोठ्या साखळ्यांनी 100 येनचा जुना दर सोडला. जानेवारी 2023 मध्ये दुकानातल्या वस्तूंना थुंकी लावणाऱ्या टवाळखोरांच्या चित्रफिती पसरल्या आणि कित्येक दुकानांनी उघड्या बशा फिरवणे थांबवले. आता टेबलावरच्या पडद्यावर मागणी द्यायची आणि वेगळ्या मार्गिकेवरून बशी थेट आपल्यापुढे येऊन थांबते. काहींनी झाकणाच्या बशा फिरत्या ठेवल्या आहेत.

टोकियोच्या एदोगावा भागात, विशेषतः निशी-कासाईत, भारतीयांची मोठी वस्ती आहे आणि त्यात मराठी कुटुंबेही आहेत. त्यांच्या टेबलावर मासे खाणारे आणि न खाणारे शेजारी बसतात. शाकाहारी माणसाला माकी, म्हणजे समुद्री शेवाळाच्या पानात गुंडाळलेली सुशी चालते: काकडीची कप्पा-माकी आणि आंबवलेल्या सोयाबीनची नात्तो-माकी मिळते. टोफूच्या गोड पिशवीतली इनारी, अंड्याची वडी किंवा सुकवलेल्या भोपळ्याच्या पट्ट्यांची माकी दिसायला निरुपद्रवी असली, तरी ती बहुधा माशाच्या अर्कात मुरवलेली असते. नात्तोबरोबरच्या सॉसमध्येही तो असू शकतो, म्हणून विचारून घेतलेले बरे. मासे खाणाऱ्यांनी खेकड्याच्या चवीची लाल-पांढरी कांडी घेतली, तर ती सुरिमीची, म्हणजे धुऊन वाटलेल्या माशाची असते. आपल्या रत्नागिरीतही राणीमाशासारख्या माशांपासून सुरिमी बनते आणि जपानसह अनेक देशांत जाते.