गोवा पोलीस भरतीच्या अटी आल्या कुठून

भाचा सध्या पोलीस भरतीच्या मागे लागलाय. पहाटे साडेपाचला उठून साखळीला मैदानावर धावतो, ताई फोनमध्ये टायमर लावून कडेला उभी असते, आणि परवा त्याची फाइल लावायला बसलो तर धावण्यापेक्षा कागदांचाच घाम जास्त. गोव्यात पंधरा वर्षं राहत असल्याचा मामलेदाराचा दाखला, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड, आणि जाहिरातीतली ती नेहमीची ओळ, कोकणीचं ज्ञान आवश्यक, मराठीचं असल्यास उत्तम. मामा, पळायची टेस्ट समजली, पण पोलीस व्हायला हे सगळं कशाला, असं त्याने विचारलं आणि मी सांगायला लागलो तो चहा पार गार झाला. तेच इथे लिहून काढतो, जरा लांबेल.

पहिली गोष्ट म्हणजे पोर्तुगीजांच्या काळात शिपाई आणि पोलीस यांच्यात आजच्यासारखी सरळ रेघ नव्हती. आमचा सत्तरी-डिचोलीचा भाग त्यांच्या ताब्यात अठराव्या शतकात आला, म्हणजे तिसवाडी-बार्देश-साष्टीच्या दोनेकशे वर्षं नंतर, आणि इथला बंदोबस्त म्हणजे पलटणच. त्या पलटणीत भरती इथल्याच माणसांची, हुकूम मात्र लिस्बनहून आलेल्या साहेबाचा. हे जमलं नाही की बंड ठरलेलं. १८७१ ला माशेल-वळवईकडे देशी सैनिकांनी बंड केलं तेव्हा पोर्तुगालने राजघराण्यातला ऑगुस्तो नावाचा प्रिन्स पाठवला आणि ते देशी सैन्यच मोडीत काढलं. पुढे १८९५ ला परत तेच, इथल्या मराठा शिपायांना मोझांबिकला लढायला जा म्हणून हुकूम आला, ते अडून बसले आणि सत्तरीत जाऊन तिथल्या बंडखोर दादा राण्यांना मिळाले, मग परत एक प्रिन्स, यावेळी आफोन्सो, फौज घेऊन आला. दोन बंडं आणि दोन राजपुत्र, आणि भांडण काय तर माणूस आमचा, बंदूक तुमची, मग त्याने कुठे जायचं हे ठरवणार कोण.

पणजीला आझाद मैदानासमोर पोलीस हेडक्वार्टर आहे ना, त्या लांबलचक इमारतीकडे कधी नीट बघा. ती मुळात सैन्याची बराक, दों मानुएल द पोर्तुगाल ई काश्त्रु या व्हाइसरॉयच्या काळातली, १८३० च्या आसपासची, तिच्याच एका बाजूला आज मिनेझिस ब्रागांझा संस्था आहे. पोलिसांचं मुख्य ऑफिस बराकीत असणं मला तरी योगायोग वाटत नाही.

गावात मात्र पोलीस फारसा दिसायचाच नाही. तालुक्याला अडमिनिस्त्रादोर, म्हणजे तिथला सरकारी कारभारी, आणि गावात रेजदोर, जो गावातलाच कोणीतरी वजनदार माणूस. भांडण, चोरी, कोण नवा पाहुणा उतरलाय, सगळं रेजदोराच्या कानावर घालायचं. माझी आजी सांगायची की घरात बारसं असलं तरी आजोबा आधी रेजदोराकडे जाऊन सांगून यायचे, चार माणसं जमणार आहेत म्हणून. आता कायदा खरंच तसा होता की आजोबा जास्तच घाबरट होते ते देव जाणे. पण अडमिनिस्त्रादोर म्हणजे तालुक्याचा पोलीसप्रमुखच हे १८ जून १९४६ ला मडगावात सगळ्यांनी बघितलं. राममनोहर लोहिया भाषणाला उभे राहिले तर हा अडमिनिस्त्रादोर स्वतः पिस्तूल घेऊन पुढे आला, आणि लोहियांनी हाताला धरून त्याला बाजूला केलं. ही गोष्ट गोव्यात पोरापोराला पाठ आहे.

त्यानंतरची पंधरा वर्षं पोलीस या शब्दाचं गोव्यात जे काय झालं ते झालं. पोलीस ठाण्यात पालमातोर, म्हणजे भोकं पाडलेली ती लाकडी थापी, जी शाळेत मास्तरपण तळहातावर मारायचे, तीच सत्याग्रहींच्या हातापायांवर. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीला नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या घातल्या. आणि कासिमिरो मोंतेरो. हा इथेच जन्मलेला माणूस, पोलिसात छळासाठी बदनाम, नंतर पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या गुप्त पोलिसांत गेला आणि १९६५ ला पोर्तुगालचाच विरोधी नेता जनरल देल्गादोच्या खुनात त्याचं नाव आलं. आमच्या आजीच्या पिढीला पोलीस म्हटलं की हा आठवायचा, त्यामुळे पोरगा पोलिसात जाणार ही बातमी पेढे वाटायची नव्हतीच मुळी.

१९ डिसेंबर १९६१. पाखले, म्हणजे पोर्तुगीज, गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून राज्य चालवायचं तर माणसं कुठून आणायची हा प्रश्न. जुन्या सरकारी नोकरांना सामावून घेतलं, त्यासाठी १९६५ ला चक्क वेगळा कायदा झाला, पण त्यांना येत होतं पोर्तुगीज आणि फायली आता इंग्रजीत. कायदेपण बदलले, १९६२ च्या रेग्युलेशनने भारतातले कायदे एकामागून एक इथे लागू झाले. गंमत बघा, पोलिसांचा कायदा १८६१ चा, १८५७ च्या उठावाने घाबरलेल्या इंग्रजांनी केलेला, आणि तो गोव्यात आला स्वातंत्र्यासोबत, शंभर वर्षांनी. लग्नाच्या बाबतीत पोर्तुगीज सिव्हिल कोड तसाच राहिला, म्हणजे नवराबायकोचं भांडण घेऊन ठाण्यात आलं की आजपण फौजदाराला दोन राजवटींचा कायदा डोक्यात ठेवावा लागतो.

मग आले डेप्युटेशनवाले. महाराष्ट्रातून, इतर राज्यांतून, दिल्लीहून अधिकारी आले, चांगले होते, वाईट होते, पण होते बाहेरचे. आणि गोंयकाराला वाटायला लागलं की साहेब बदलला, साहेबाची जागा तीच. साठच्या दशकातल्या गोव्याच्या राजकारणात हा राग मोठा होता, गोवा महाराष्ट्रात विलीन करा म्हणणारे आणि त्याच्या विरोधातले एकमेकांचं तोंड बघत नव्हते, आणि त्यातच नोकऱ्या इथल्या पोरांना मिळाव्यात ही मागणी. १६ जानेवारी १९६७ च्या ओपिनियन पोलमध्ये गोवा महाराष्ट्रात गेला नाही, वेगळा राहिला, आणि वेगळा राहिला म्हणून इथला कोण आणि बाहेरचा कोण हे कागदावर लिहायची गरज पडत गेली. भाच्याच्या फाइलमधला तो पंधरा वर्षांचा दाखला माझ्या मते याच रागाचा नातू आहे.

भाषेची ओळ त्यानंतरची. १९८७ ला राजभाषा कायदा झाला, देवनागरीतली कोकणी राजभाषा, मराठीचाही सरकारी कामात वापर करता येईल अशी तरतूद. त्याआधी रस्त्यावर काय काय झालं ते इथे काढत बसत नाही. आमच्यासारख्या घरात बोलणं कोकणी, पेपर मराठी, आरती मराठी, त्यामुळे ते "असल्यास उत्तम" वाचून थोडं खुपतं, खोटं कशाला बोलू. पण ठाण्यात रात्री अकराला एखादी म्हातारी तक्रार घेऊन येते ती कोकणीतच रडते, तेव्हा समोरच्या शिपायाला ती कळायलाच हवी, हे मला मान्य आहे.

त्याच वर्षी ३० मे ला गोव्याचं घटकराज्य झालं आणि तोवर एकाच केंद्रशासित प्रदेशात असलेलं दमण-दीव सुटलं. शेजारचे एक काका हेडकॉन्स्टेबल म्हणून रिटायर झाले, ते सांगतात तोपर्यंत साहेबाची मर्जी गेली की दीवला बदलीची धमकी असायची, आणि घटकराज्याचा सगळ्यात मोठा आनंद त्यांना त्याचाच झाला.

साहेब मात्र अजून बाहेरूनच येतात. गोव्याला स्वतःचा आयपीएस केडर नाही, तो अरुणाचल, मिझोराम, केंद्रशासित प्रदेश यांच्यासोबतचा एजीएमयूटी, त्यामुळे डीजीपी दोन-तीन वर्षांसाठी दिल्ली किंवा अंदमानवरून येतो आणि रस्ते कळायला लागतात तोवर जातो. इथला पोरगा शिपाई म्हणून लागतो किंवा पीएसआय म्हणून, पीआय होतो, डीवायएसपी होतो, नशीब आणि सिनियॉरिटी दोन्ही असली तर प्रमोशनवर आयपीएस मिळून एसपीपर्यंत. मी काही याला कट वगैरे म्हणत नाही, छोटं राज्य आहे, सगळे सगळ्यांचे पाहुणे, कधीकधी बाहेरचा साहेब असलेलाच बरा. पण माणूस इथला आणि हुकूम बाहेरचा, हा १८९५ चा प्रश्न पूर्ण मिटला असं पण म्हणवत नाही.

कामाचं स्वरूप तर ओळखू येणार नाही इतकं बदललं. हिप्पी आले, मग चार्टर आले, किनाऱ्यावर ड्रग्ज आलं आणि अँटी नार्कोटिक सेल करावा लागला, २६/११ नंतर समुद्राकडे तोंड करून कोस्टल पोलीस उभे राहिले, इंडिया रिझर्व्ह बटालियन आली. १ जुलै २०२४ पासून तर आयपीसीच गेली, भारतीय न्याय संहिता आली, म्हणजे काकांना पाठ असलेली सगळी कलमं रद्दी. ३०२ म्हटल्यावर अंगावर काटा यायचा, आता १०३ म्हणायचं, त्याला काही दम नाही असं त्यांचं म्हणणं.

हे सगळं ऐकून भाचा म्हणाला, बरं झालं, इंटरव्ह्यूला नाही विचारणार ना हे. काका शेजारी बसून ऐकत होते, त्यांनी पंधरा वर्षांचा दाखला उलटसुलट करून बघितला, शिक्का पुसट आहे, दुसरा मारून आण म्हणाले. आणि सिलेक्शन झालं तर ट्रेनिंग वाळपयला, तिथला पाऊस तुला माहितेय, बुटाचे दोन जोड घेऊन जा, एक सुकेपर्यंत आठवडा जातो.