चिऱ्याच्या भिंती आणि सोळा मिलिसेकंद

गोव्यात फोंड्याजवळच्या आमच्या जुन्या घरात गेल्या मे महिन्यात एक तळहाताएवढी काळी पेटी आली. लंडनला राहणारा मामेभाऊ सुट्टीत येताना माझ्या भाच्यासाठी ती घेऊन आला. पेटीचे नाव स्टीम लिंक. व्हॉल्व्ह या कंपनीने २०१५ च्या नोव्हेंबरात ती बाजारात आणली तेव्हा किंमत होती ५० डॉलर. २०१८ मध्ये कंपनीने ती बंद करायचे ठरवले आणि शेवटच्या सेलमध्ये ती पाच डॉलरांहूनही कमी किमतीत विकली. मामेभावाने तेव्हा दोन घेतल्या होत्या. त्यातली एक खोकेही न उघडता कपाटात पडून होती.

पेटीचे काम सांगायला सोपे आहे. गेम चालतो माडीवरच्या कॉम्प्युटरवर. त्याचे चित्र घरातल्याच नेटवर्कवरून पेटीकडे येते आणि पेटी ते वसरीतल्या मोठ्या टीव्हीवर दाखवते. हातातल्या कंट्रोलरचे बटण दाबले की ती खबर उलट वाटेने माडीवर जाते. आज हेच काम फोनवरचे किंवा टीव्हीतले ॲपही करते, पण आतले तत्त्व तेच.

भाचा म्हणाला, "मामा, आपला प्लॅन शंभर एमबीपीएसचा आहे ना? मग पुरेल."

हा प्रश्न सगळेच विचारतात, आणि इथे तो लागूच होत नाही. चित्र घराबाहेर पडतच नाही. रस्त्यावरची फायबर तुटली तरी माडी ते वसरी ही वाट उघडीच राहते. त्या वाटेलाही नुसता वेग असून भागत नाही. किती डेटा जातो यापेक्षा तो किती वेळात पोचतो आणि दर वेळी तेवढ्याच वेळात पोचतो का, हे महत्त्वाचे असते.

फोनवर सिनेमा पाहताना ॲप पुढच्या काही सेकंदांचे चित्र आधीच आणून साठवते. गच्चीवर पाण्याची टाकी असली की नळाला पाणी मध्येच गेले तरी घरात कळत नाही, तसे. गेममध्ये टाकी ठेवता येत नाही, कारण पुढचे चित्र अजून जन्मलेलेच नसते. अंगठा बटणावर पडेल त्यावर ते ठरणार असते. म्हणून प्रत्येक चित्र तयार झाल्या क्षणी निघायला हवे आणि लगेच पोचायला हवे. सेकंदाला ६० चित्रे म्हणजे एका चित्राच्या वाट्याला साधारण १६.७ मिलिसेकंद.

त्या एका चित्राचे वजन किती, हेही मोजून पाहण्यासारखे आहे. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट, म्हणजे चोवीस शून्य-एक. एक चित्र झाले जवळजवळ पाच कोटी बिटांचे, आणि सेकंदाला अशी ६०, म्हणजे सुमारे ३०० कोटी बिट. पेटीच्या केबलच्या पोर्टमधून सेकंदाला फार तर १० कोटी बिट जातात. तीसपट मोठे ओझे त्या दारातून जाणार कसे?

कॉम्प्युटर ते ओझे जागेवरच दाबून लहान करतो. २००३ मध्ये ठरलेले एच.२६४ हे मानक त्यासाठी वापरतात. कल्पना अशी की आधीच्या चित्रात जे होते ते पुन्हा पाठवायचे नाही, बदलले तेवढेच पाठवायचे. गाडी उजवीकडे सरकली असेल तर गाडी नव्याने न काढता "हा तुकडा इतके ठिपके उजवीकडे घे" एवढाच निरोप जातो. ३०० कोटी बिटांचे दोन-तीन कोटी होतात, म्हणजे शंभर पटींहून जास्त आकसतात. ग्राफिक्स कार्डाच्या चिपमध्ये या कामासाठी वेगळा भाग असतो, म्हणून काही मिलिसेकंदांत ते उरकते. निळे आकाश आणि सरळ रस्ता असेल तर हे दाबणे सोपे जाते. पाऊस, गवत, धूर असेल तर प्रत्येक ठिपका दर क्षणी बदलतो आणि चित्र फिसकटते. आषाढातल्या आमच्या अंगणाचा गेम कोणी बनवला तर एच.२६४ चा घामटा निघेल.

मात्र या हिशेबात एक मेख आहे. प्रत्येक चित्र आधीच्या चित्राच्या आधारावर उभे असते. वाटेत एक तुकडा हरवला की पुढची चित्रेही बिघडतात, आणि नवे पूर्ण चित्र येईपर्यंत पडद्यावर चौकोनी डाग ओघळत राहतात. म्हणून वाट खात्रीची हवी. आमची नव्हती.

पहिल्या दिवशी तर पेटीला कॉम्प्युटर सापडलाच नाही. गोव्यात सकाळी पोदेर सायकलवरून भोंपू वाजवत येतो. कोणाच्या दारात उभा राहून नाव पुकारत नाही. सगळ्या वाड्याला ऐकू जाते आणि ज्याला पाव हवे तो बाहेर येतो. पेटीही असेच करते. तिला कॉम्प्युटरचा पत्ता माहीत नसतो, म्हणून ती सगळ्या नेटवर्कला हाक घालते, आणि २७०३६ क्रमांकाच्या पोर्टवर (हे केबलचे भोक नव्हे, कॉम्प्युटरच्या आतले क्रमांकाचे दार) कान देऊन बसलेला कॉम्प्युटर "मी इथे आहे" म्हणतो. मग टीव्हीवर चार आकडे येतात, ते कॉम्प्युटरवर टाइप केले की ओळख पटते.

पण भोंपू वाड्याबाहेर ऐकू जात नाही, आणि आमच्या घरात नकळत दोन वाडे झाले होते. नेटवाल्याचा राउटर वसरीत होता. माडीवर वाय-फाय पोचत नाही म्हणून मी तिथे दुसरा राउटर लावला होता, आणि त्याने आपले स्वतंत्र नेटवर्क मांडले होते. खालच्या उपकरणांचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होत, वरच्यांचे १९२.१६८.० ने. सर्वांना घातलेली हाक राउटर आपल्या हद्दीबाहेर जाऊ देत नाही, आणि ते योग्यच आहे, नाहीतर जगातला प्रत्येक भोंपू आपल्या कानात वाजेल. माडीवरच्या राउटरची सेटिंग बदलून त्याला नुसता रिपीटर, म्हणजे आलेला सिग्नल पुढे पाठवणारा, केला, तेव्हा दोन्ही वाडे एक झाले आणि पेटीला कॉम्प्युटर दिसला. ज्यांना अशी अडचण येते त्यांनी आधी दोन्हीकडचे पत्ते ताडून पाहावेत. ते जुळत असूनही कॉम्प्युटर दिसला नाही तर विंडोजने घरच्या नेटवर्कला 'पब्लिक' समजून फायरवॉल (बाहेरच्या हाका अडवणारा पहारा) लावलेली असू शकते, ती पाहावी.

गेम सुरू झाला. दर दहा-बारा सेकंदांनी अडखळत होता.

आता घराविषयी सांगायला हवे. आमचे घर चिऱ्याचे. मध्ये राजांगण, त्याच्या चारी बाजूंनी खोल्या, भिंती दीड फूट जाड. या दगडाला लॅटराइट हे नाव फ्रान्सिस बुकानन याने १८०७ मध्ये दिले, केरळातला अंगाडिपुरमचा दगड पाहून. त्यात लोह भरपूर, म्हणून तो लाल. आणि तो सच्छिद्र असतो. पावसात गिलावा नसलेली चिऱ्याची भिंत हाताला कशी लागते ते गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको.

वाय-फायच्या लहरींना ही ओल अडवते. पाण्याच्या रेणूचे एक टोक किंचित धन, दुसरे किंचित ऋण असते. रेडिओलहर जाताना तो तिच्या तालावर वळायचा प्रयत्न करतो, शेजारच्या रेणूंवर आपटतो, आणि लहरीची ऊर्जा उष्णतेत जाते. मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये अन्न तापते ते असेच, तेही वाय-फायच्याच पट्ट्यात, २.४५ गिगाहर्ट्झला. (ही पाण्याची खास नैसर्गिक वारंवारता आहे असे पुष्कळ ठिकाणी छापतात, ते खरे नाही. पाणी याहून बऱ्याच वरच्या वारंवारतांना जास्त शोषते.) म्हणूनच ५ गिगाहर्ट्झचे वाय-फाय ओल्या भिंतीत २.४ पेक्षा लवकर दमते. मोकळ्या जागेत मात्र तेच बरे, कारण तिथे चॅनेल (बोलायच्या वेगवेगळ्या वाटा) जास्त आणि शेजाऱ्यांची गर्दी कमी.

याचा एक गमतीदार परिणाम आम्हाला दिसला. माडीचा राउटर टेबलावरून उचलून राजांगणाकडच्या खिडकीत ठेवला आणि सिग्नल एकदम सुधारला. लहरी दोन भिंती फोडून येण्याऐवजी राजांगणाच्या उघड्या हवेतून येऊ लागल्या. उजेड आणि वारा घरात यावा म्हणून जुन्या लोकांनी ठेवलेली जागा लहरींच्याही कामी आली.

तरी अडखळणे पूर्ण थांबले नाही. वाय-फायमध्ये एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे असते. बोलण्याआधी ऐकायचे, शांतता असेल तर थोडा वेळ थांबायचे, आणि हा वेळ प्रत्येकाने नेमाने नव्हे तर चिठ्ठी उचलल्यासारखा ठरवायचा, म्हणजे दोघे एकदम सुरू होत नाहीत. या विचाराचे मूळ १९७१ च्या अलोहानेटमध्ये आहे. हवाई बेटांवरचे कॉम्प्युटर नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओने जोडले होते. गोव्यातल्या दिवाडी, चोडण, सांत इस्तेव्ह या बेटांवरची माणसे एकाच वॉकीटॉकीवर बोलू लागली तर त्यांना जो शिष्टाचार पाळावा लागेल, त्याची सुरुवात तिथे झाली. आमच्या घरी हे गणित चिघळले होते, कारण चित्राचे एकच पाकीट (डेटाचा तुकडा) हवेतून तीनदा उडत होते: कॉम्प्युटरकडून रिपीटरकडे, तिथून वसरीतल्या राउटरकडे, राउटरकडून पेटीकडे. प्रत्येक उड्डाणाला पाळी लावायची, आणि कोणाचा फोन मध्ये बोलला की थांबायचे.

यावर उपाय एकच, केबल. निदान कॉम्प्युटरची बाजू तरी केबलने जोडावी, म्हणजे हवेतला अर्ध्याहून जास्त भार उतरतो. आईने आधीच बजावले होते, "वणटीक बुराक मारूं नाका हां." (भिंतीला भोक पाडू नका.) म्हणून तीस मीटर लॅन केबल राजांगणाच्या कडेने, आतल्या बाजूच्या वाशांना बांधत माडीपर्यंत नेली, आणि पेटीही राउटरला केबलनेच जोडली. पेटीच्या सेलमधल्या किमतीपेक्षा केबल महाग पडली. तिच्या आत तारांच्या चार जोड्या असतात आणि प्रत्येक जोडी पिळलेली असते. हा पीळ अलेक्झांडर ग्रॅहम बेलचा, १८८१ च्या पेटंटमधला. बाहेरचा विद्युत गोंगाट पिळलेल्या दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि घेणारे यंत्र दोघींमधला फरकच वाचते, त्यामुळे गोंगाट आपोआप वजा होतो. केबल घराबाहेरून मात्र नेऊ नये. वैशाखातल्या आणि परतीच्या पावसातल्या विजा जवळपास पडल्या तरी लांब तांब्याच्या तारेत झटका उठतो आणि दोन्ही टोकांची यंत्रे जातात.

केबलमध्ये संकेत प्रकाशाच्या सुमारे दोन-तृतीयांश वेगाने धावतो. तीस मीटरांना मिलिसेकंदाचा सहा-सात हजारावा भाग पुरतो. मग उशीर होतो कुठे? भाच्याने ते मोजायची युक्ती काढली. फोनचा स्लो मोशन कॅमेरा सेकंदाला २४० चित्रे टिपतो, म्हणजे दोन चित्रांत सव्वाचार मिलिसेकंदांहूनही थोडे कमी अंतर. अंगठा आणि पडदा दोन्ही एका चौकटीत धरून चित्रीकरण केले आणि बटण दबल्यापासून गेममधला माणूस उडी मारेपर्यंत चित्रे मोजली. ३६ भरली. म्हणजे १५० मिलिसेकंद.

हवेत आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. १५० मिलिसेकंद म्हणजे पन्नास मीटरांवरून पखवाज ऐकणे. देवळाच्या चौकात भजन चालले आहे आणि तुम्ही दीपस्तंभाच्याही पलीकडे, तळीच्या काठावर उभे राहून टाळ धरू पाहता. हात आणि कान जुळणार नाहीत.

चोर निघाला टीव्ही. आजचे टीव्ही चित्र नितळ दिसावे म्हणून काही चित्रे पोटात धरून ठेवतात, त्यांची आपसात तुलना करतात, मधली चित्रे स्वतः रचतात. सिनेमाला ते शोभते. सेटिंगमध्ये 'गेम मोड' सुरू केला की हे सगळे बंद होते. पुन्हा मोजले तेव्हा २० चित्रे भरली, म्हणजे सुमारे ८३ मिलिसेकंद. केबल, राउटर, पेटी यांवर आम्ही दोन आठवडे घालवले होते, आणि एवढा मोठा उशीर रिमोटच्या एका बटणाने गेला. असे काही जोडणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी, असे मला आता वाटते.

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घरात सतरा माणसे आणि बहुधा त्याहून जास्त फोन होते. माटोळीचे (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या सजावटीचे) फोटो, आरतीचे व्हिडिओ, बोरीच्या काकांचा दुबईला कॉल. वाय-फाय सगळ्यांना थोडे थोडे पुरत होते. वसरीत मुले गेम खेळत होती आणि चित्र अडखळत नव्हते, कारण त्यांची पाकिटे हवेत नव्हतीच, वाशांवरून जात होती.

भाच्याला आता वेगळाच नाद लागला आहे. वसरीत उभे राहून तो माडीवरच्या राउटरच्या सिग्नलची ताकद मोजतो, त्याच जागी, तेच दार बंद करून. मे महिन्यात आकडा होता उणे ५८ डेसिबल-मिलिवॉट, जुलैत उणे ६४. सहा डेसिबलची घट म्हणजे पोचणारी शक्ती चौथाई झाली. एका घराच्या दोन आकड्यांवरून नियम मांडू नये, हे मी त्याला सांगितले, आणि ते त्याला पटले. म्हणून त्याने कॅलेंडरच्या मागे तक्ता आखला आहे. दिवाळीनंतर भिंती सुकल्या की त्यात पुढचा आकडा लिहायचा आहे.