शेअर्ड होस्टिंग आणि व्हीपीएस : निवड

संकेतस्थळासाठी सर्व्हरवर जागा भाड्याने घेण्याचे हे दोन प्रचलित प्रकार. शेअर्ड होस्टिंगमध्ये एकाच यंत्रावर, एकाच ऑपरेटिंग सिस्टिमखाली अनेकदा शेकडो ग्राहकांची खाती असतात आणि देखभाल कंपनी करते. व्हीपीएसमध्ये (व्हर्च्युअल प्रायव्हेट सर्व्हर, म्हणजे आभासी खासगी सर्व्हर) यंत्राचे आभासी भाग पाडून प्रत्येकाला स्वतंत्र ऑपरेटिंग सिस्टिम, ठरावीक रॅम आणि रूट, म्हणजे सर्वोच्च, अधिकार देतात. २००७ साली असे भाग पाडणारे केव्हीएम हे तंत्र लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, आले आणि आज बहुतेक व्हीपीएस त्यावरच चालतात.

निवड करताना ‘रोज किती लोक येतात’ हे बहुतेक जण आधी विचारतात. त्याहून उपयोगी प्रश्न म्हणजे एका वेळी किती पाने तयार होत असतात. अनेक शेअर्ड कंपन्या क्लाउडलिनक्स ही होस्टिंगसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम वापरून प्रत्येक खात्याला मर्यादा घालतात. एका वेळच्या प्रवेश-प्रक्रियांची, म्हणजे एकाच वेळी हाताळल्या जाणाऱ्या विनंत्यांची, मर्यादा २० धरू. पान अर्ध्या सेकंदात तयार होत असेल, तर सेकंदाला ४० विनंत्या निभतात. तेच पान चार सेकंद घेत असेल, तर फक्त पाच. पुढच्या वाचकाला ५०८ क्रमांकाची त्रुटी दिसते. म्हणून वर्डप्रेसच्या संथ स्थळाने व्हीपीएसकडे धावण्याआधी पेज कॅश, म्हणजे एकदा तयार झालेले पान साठवून ठेवण्याची सोय, लावून पाहावे. तयार पान थेट दिले गेले की पीएचपी, म्हणजे पान तयार करणारा प्रोग्रॅम, चालतच नाही. बऱ्याच तक्रारी इथेच मिटाव्यात.

दुसरी मर्यादा आयनोडची, म्हणजे फाइलींच्या संख्येची. डिस्क ‘अमर्याद’ असली तरी ही मर्यादा असते. मेलबॉक्समधला प्रत्येक संदेश साधारणपणे एक फाइल असतो, त्यामुळे जुने मेल साठवणारे छोटे कार्यालयही ती गाठते.

व्हीपीएसची खरी गरज लागते ती रेडिस (रॅममध्ये माहिती ठेवणारा वेगवान साठा), सतत चालू राहणारी पार्श्वप्रक्रिया किंवा डेटाबेसची स्वतःची मांडणी हवी असेल तेव्हा. मात्र तिथे हिशेब आपला आपण करावा लागतो. २ जीबी रॅमपैकी सिस्टिमला सुमारे ३०० आणि मारियाडीबी या डेटाबेसला ५०० एमबी दिले, थोडी मोकळी ठेवली, तर पीएचपीसाठी साधारण १ जीबी उरते. एक प्रक्रिया ६० एमबी खात असेल, तर पीएचपीच्या प्रक्रिया सांभाळणाऱ्या पीएचपी-एफपीएममध्ये कमाल १५ प्रक्रिया ठेवाव्यात. हा आकडा बेधडक ५० केला, तर गर्दीच्या वेळी रॅम संपते, कर्नल सर्वांत जड प्रक्रिया मारतो आणि ती बहुधा डेटाबेसच असते. स्थळावर मग ‘डेटाबेसशी जोडणी होत नाही’ एवढेच दिसते. १–२ जीबी स्वॅप (रॅम कमी पडल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) ठेवल्याने हा धक्का सौम्य होतो, टळत नाही.

नवख्यांचा हमखास अपघात म्हणजे एसएसएचला (सर्व्हरमध्ये दुरून शिरण्याच्या मार्गाला) परवानगी न देताच फायरवॉल चालू करणे. स्वतःच बाहेर अडकल्यावर कंपनीच्या वेब कन्सोलमधूनच आत जाता येते. प्रवेशासाठी पासवर्डऐवजी की (किल्लीसारखी गुप्त फाइल), सुरक्षा-सुधारणा आपोआप आणि बॅकअप दुसऱ्या यंत्रावर, एवढे पहिल्याच दिवशी करावे. यंत्रावरचा ताण दाखवणाऱ्या ‘टॉप’ आज्ञेत ‘एसटी’चा (प्रोसेसरची वाट पाहण्यात गेलेल्या वेळेचा) आकडा सतत फुगलेला दिसला, तर आपला प्रोसेसर शेजारी खात आहेत असे समजावे; ‘खासगी’ या शब्दाची मर्यादा इथे कळते. मेलसाठी व्हीपीएस घेऊ नये हेच बरे. अनेक कंपन्या मेल पाठवण्याचा मार्ग, म्हणजे पोर्ट २५, बंद ठेवतात, आणि उघडे असले तरी सर्व्हरच्या आयपी पत्त्याची पत नसल्याने मेल स्पॅममध्ये जातो.

खर्च पाहताना पहिल्या वर्षाची सवलत सोडून नूतनीकरणाचा दर पाहावा. व्हीपीएसवर सीपॅनेल (ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळण्याचे सॉफ्टवेअर) हवे असल्यास त्याचा परवाना सहसा वेगळा घ्यावा लागतो. २०१९ पासून तो खात्यांच्या संख्येवर आकारला जातो. देखभाल करणारा माणूस नसेल, तर स्वस्त व्हीपीएसपेक्षा चांगले शेअर्ड होस्टिंग किंवा मॅनेज्ड व्हीपीएस (ज्याची देखभाल कंपनी करते) योग्य. भारतात व्हीपीएस घेताना ओळखीचा तपशील मागितला जातो, कारण सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार पुरवठादारांना ग्राहकांची पडताळलेली माहिती किमान पाच वर्षे ठेवावी लागते.

स्थलांतराच्या किमान एक दिवस आधी डीएनएसचा (नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेचा) टीटीएल, म्हणजे जुना पत्ता लक्षात ठेवण्याचा कालावधी, ३०० सेकंदांवर आणावा आणि आपल्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये, म्हणजे नावांचे पत्ते लिहिण्याच्या फाइलमध्ये, नवा आयपी टाकून स्थळ तपासावे. मराठी मजकुराच्या डेटाबेसचे डंप (फाइलमध्ये उतरवणे) आणि आयात दोन्ही यूटीएफ८एमबी४ या संकेतप्रणालीतच करावे. संकेतप्रणाली चुकली, तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात आणि ती एकदा साठवली गेली की मूळ अक्षरे परत मिळत नाहीत. म्हणून नव्या सर्व्हरवर चार-पाच जुने लेख उघडून, जोडाक्षरांसकट वाचून पाहिल्याशिवाय जुने खाते बंद करू नये. त्याच खात्यात मेलबॉक्सही असतात, आणि खाते गेले की तेही जातात.