शेजारच्या रॅकला ८० किमीचा मॉड्यूल नको

रत्नागिरी-सिंधुदुर्गात सर्व्हर रूम उभारताना स्विचमधल्या ऑप्टिकल मॉड्यूलबद्दल (विजेचा सिग्नल प्रकाशात बदलून फायबरवर पाठवणारा आणि परत घेणारा भाग) एक सल्ला हमखास मिळतो: ‘८० किमीचाच मॉड्यूल घ्या, जवळ तर चालेलच.’ हे चूक आहे. समोरचा रिसीव्हर जळूसुद्धा शकतो.

१०जी झेडआरचा, म्हणजे १० गिगाबिटच्या ८० किमी मॉड्यूलचा, लेझर ० ते +४ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं एकक) प्रकाश सोडतो, त्याच्या रिसीव्हरला मात्र −७ डीबीएमच्या वर सोसत नाही. पाच मीटरच्या पॅचकॉर्डमध्ये (जोडणीच्या छोट्या फायबर केबलमध्ये) प्रकाश जवळजवळ घटतच नाही, म्हणजे ११ डीबीपर्यंत (डीबी म्हणजे दोन ताकदींमधला फरक) जादा मारा. कधी लिंक येते, पण सीआरसी एरर (बिघडून पोहोचलेल्या डेटाच्या चुका) वाढत राहतात आणि लोक उगाच स्टोरेजला दोष देतात. झेडआरच वापरायचा असेल तर दोन्ही टोकांच्या रिसीव्ह बाजूला १५ डीबीचा अटेन्युएटर (प्रकाश कमी करणारा जोड) आधी लावा, फायबर नंतर जोडा.

इमारतीत ओएम३ मल्टिमोड (कमी अंतरासाठीची जाड गाभ्याची फायबर) असेल तर एसआर, म्हणजे कमी अंतराचा मॉड्यूल घ्या, ३०० मीटरपर्यंत पुरतो. सिंगलमोडवर (बारीक गाभ्याच्या फायबरवर) एलआर, म्हणजे झेडआरपेक्षा कमी ताकदीचा मॉड्यूल घ्या, त्याला अटेन्युएटर लागत नाही.

किनाऱ्यावर जास्त जपायची ती कनेक्टरची टोकं. खाऱ्या, दमट हवेत ती उघडी ठेवू नका. टोपी काढली की कोरड्या क्लीनरने पुसा, स्कोपखाली (फायबरचं टोक तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली) बघा, लगेच जोडा. स्विचवरचा रिसीव्ह पॉवरचा आकडा लिहून ठेवा. पावसाळ्यात तो २ डीबीने उतरला, तर मॉड्यूल बदलण्याआधी टोक साफ करा.