सत्तर हजार (७०,०००)

सत्तर हजार : एक सम पूर्णांक. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील पांडवलेण्यांत, लेणे क्र. १० मधील उषवदाताच्या (ऋषभदत्ताच्या) शिलालेखात ही संख्या कोरलेली आहे. आज धनादेशावर लिहितात तशी ती आधी अक्षरी (सतरि) व लगेच अंकात येते. क्षहरात घराण्यातील क्षत्रप (राज्यकर्ता) नहपानाच्या या जावयाने देव व ब्राह्मण यांना दिलेल्या कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) ही रक्कम होय.

लेखातील अंक ब्राह्मी असून त्यांत शून्य नाही, स्थानमूल्यही नाही. हजाराच्या चिन्हाला सत्तराचे चिन्ह जोडून संख्या सिद्ध होते. म्हणजे आपण पाच अंकांत लिहितो ते येथे एका जोडचिन्हात मावते. याच लेण्यांत २,०००, ४,००० व ८,००० हे अंकही याच रीतीने मिळतात. प्राचीन अंकलेखनाच्या अभ्यासात नाशिकचे स्थान मोठे आहे ते या चिन्हांमुळे.

पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण, या दराने ही रक्कम दोन हजार सुवर्णांइतकी असल्याचे लेखच सांगतो. ७०,००० = २ चा चौथा घात × ५ चा चौथा घात × ७ असल्याने ३५ ने भाग निःशेष जातो. ‘सुवर्ण’ म्हणजे काय, हा मात्र वादाचा विषय आहे. काही अभ्यासक ते कुशाणांचे सोन्याचे नाणे मानतात. क्षहरातांची स्वतःची सोन्याची नाणी सापडलेली नाहीत, हे या अभ्यासकांच्या बाजूने जाते. तरीही सुवर्ण हे केवळ हिशेबाचे वा वजनाचे माप असण्याची शक्यता नाकारता येत नाही. लेखातील ४१, ४२ व ४५ ही वर्षे शकाची धरल्यास काळ इ. स. ११९ ते १२४ च्या सुमारास येतो. लेखात संवताचे नाव नसल्याने ती नहपानाची राज्यवर्षे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. मग काळ काही दशके मागे, इ. स. पहिल्या शतकात जातो.

लेखातील इतर आकडेही ताळ्याला उतरतात. नाशिकजवळच्या गोवर्धन येथील विणकर श्रेणीकडे (व्यवसायसंघाकडे) ठेवलेल्या २,००० कार्षापणांवर दरमहा शेकडा एक व्याज, म्हणजे वर्षाला २४०. त्यातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी (भिक्षूच्या वस्त्रासाठी) मिळत.

संख्यासिद्धांताच्या दृष्टीने ७०,००० ला ५० विभाजक आहेत. अंकांची बेरीज ७ असून तिने संख्येला भाग जातो, म्हणून ती हर्षद संख्या ठरते. ही संकल्पना नाशिकजवळील देवळालीचे शिक्षक-गणिती द. रा. कापरेकर (१९०५–८६) यांची. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी नवी संख्या येते, तिचा ती पहिली संख्या ‘जनक’ होय; ज्या संख्येला असा जनक नसतो तिला त्यांनी स्वयंभू किंवा देवळाली संख्या म्हटले. सत्तर हजार मात्र स्वयंभू नाही : ६९,९६५ मध्ये त्याच संख्येच्या अंकांची बेरीज मिळवली की ७०,००० येतात, आणि दुसरा जनक नाही. ही बेरीज नेमकी ३५ भरते. सुवर्णाच्या दराशी जुळणारा हा निव्वळ योगायोग असला, तरी नाशिककराने तो एकदा कागदावर मांडून पाहावा.